लेक जूनमध्ये तीन वर्षांची होईल : ६५ हजारांची नर्सरी की गल्लीतली अंगणवाडी?

पेठेतली_आई

नमस्कार. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. शाहूपुरीत एका ऑफिसात हिशेबाचं काम बघते, नवरा शिरोली एमआयडीसीत शिफ्टला असतो. सासूबाई घरी आहेत, त्यामुळे पोरीला सांभाळायचा प्रश्न नाही. प्रश्न शाळेचा आहे.

गावाबाहेरच्या एका मोठ्या शाळेत नर्सरीची चौकशी करून आलो. वर्षाला ६५ हजार, व्हॅनचे वेगळे, गणवेश आणि वह्या त्यांच्याकडूनच घ्यायच्या. इमारत बघून नवरा खूश झाला. पण आत बाईंनी लेकीला इंग्रजीत नाव विचारलं आणि ती माझ्या ओढणीत तोंड खुपसून बसली. घरी दिवसभर बडबड चालते तिची. बाईंनी समोरच्या कागदावर काहीतरी टिपून घेतलं. काय टिपलं ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तेव्हापासून माझ्या मनाला चैन नाही.

आमच्या गल्लीत तालमीच्या मागे अंगणवाडी आहे. एक खोली, वर पत्रा. आजवर मी तिथे फक्त लसीकरणाला गेले. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा पोरीला शाळा कशाला, घरी खेळू दे. नवरा म्हणतो, भिशी उचलू, पण पाया पक्का करू.

तीन ते सहा या वयात पैसा घालून खरंच काही पदरात पडतं का? पडत असेल तर तो नेमका कशाचा मोजायचा? अनुभव असलेल्यांनी सांगावं.

शिरोलीकर

वहिनी, मीबी शिरोलीतच हाय, फौंड्रीत, बावीस वर्षं झाली. साचा ओला ऱ्हायला तर ओतताना कळत न्हाई. जॉब म्हंजे ओतलेला भाग मशीनवर चढला की मग आत भोक सापडतंय, तवर सगळा खर्च झालेला असतोय. माझा थोरला चौथीत गेला तवा कळलं, त्याला साधी हातच्याची बेरीज येत न्हाई. मग दोन वर्षं शिकवणीला पैसं भरलं, पोरगं रडायचं रोज. सुरवातीलाच लक्ष घातलं असतं तर निम्म्यात भागलं असतं. भाऊ बरोबर बोलतोय. घाला पैसं.

आकडेमोड

'पदरात काय पडतं' याचा बारीक हिशेब अमेरिकेत झालेला आहे, तो सांगतो.

मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावात १९६२ ते १९६७ या काळात पेरी प्रीस्कूल नावाचा प्रयोग झाला. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतली १२३ मुलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. ५८ मुलांना बालवाडी मिळाली, ६५ मुलांना नाही. त्यानंतर दोन्ही गटांची खबर कित्येक दशकं ठेवली. चाळिशीला पोचेपर्यंत बालवाडीत गेलेल्यांपैकी ७७ टक्क्यांनी शालेय शिक्षण पुरं केलं होतं, न गेलेल्यांपैकी ६० टक्क्यांनी. पाच किंवा जास्त वेळा अटक झालेले पहिल्या गटात ३६ टक्के, दुसऱ्यात ५५. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले जेम्स हेकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा परतावा काढला, तो वर्षाला ७ ते १० टक्के निघाला. आणि यातला मोठा वाटा मुलांच्या खिशात पडला नाही, तो समाजाचा वाचला. तुरुंग, खटले, गुन्ह्यांमुळे होणारं नुकसान, सगळं कमी झालं.

मला यातली सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. बालवाडीत गेलेल्या मुलांचा बुद्ध्यांक सुरुवातीला वाढला आणि पुढच्या काही वर्षांत तो फरक जवळजवळ पुसला गेला. तरीही चाळिशीत आयुष्यं वेगळी होती. म्हणजे टिकलं ते पाठांतर नव्हतं. हातातलं काम पुरं करणं, रागाला आवर घालणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, मोठ्या माणसावर विश्वास टाकणं, असं काहीतरी टिकलं.

खरंच_का

आकडेमोड, पेरीचं उदाहरण सगळेच देतात. टेनेसीचंही सांगायला हवं. तिथे सरकारी बालवाडीत जागेपेक्षा अर्ज जास्त आले म्हणून सोडत काढली आणि जवळपास तीन हजार मुलांचा माग ठेवला. २०२२ मध्ये सहावीपर्यंतचे निकाल आले. बालवाडीत गेलेली मुलं न गेलेल्यांपेक्षा परीक्षेत मागे होती आणि वर्तनाच्या तक्रारीही त्यांच्याच जास्त होत्या.

मग शाळेत घातलं की भलं झालं, असं कसं म्हणायचं? मी स्वतः दोन्ही मुलांना दोन-दोन वर्षं मोठी फी भरून पाठवलं. घरी आल्यावर चौरेघी वहीत पानंच्या पानं गिरवायची. धाकट्याला शाळेचं नाव काढलं की उलटी व्हायची. त्या पैशांचं मला आजही वाईट वाटतं, आणि पैशांपेक्षा त्याच्या त्या दोन वर्षांचं जास्त.

आकडेमोड

बरोबर आहे, आणि दोन्हींतला फरक त्यांच्या रोजच्या दिवसात आहे. पेरीमध्ये पाच-सहा मुलांमागे एक शिकलेली शिक्षिका होती. सकाळी अडीच तास शाळा, बाई आठवड्यातून एकदा प्रत्येकाच्या घरी दीड तास जायच्या, आईबरोबर बसायच्या. मुलं सकाळी आज काय करणार ते ठरवायची, करायची, मग केलेलं सांगायची. टेनेसीच्या अभ्यासकांनी वर्गांत जाऊन पाहिलं तेव्हा मुलांचा पुष्कळ वेळ सगळ्यांनी मिळून बाईंचं ऐकत बसण्यात आणि एका जागेवरून दुसऱ्या जागी रांगेने जाण्यात चालला होता. पाटी दोन्हींवर 'बालवाडी' हीच होती.

बालवाडीची_ताई

मी एकतीस वर्षं बालवाडी चालवली, आता निवृत्त आहे. आधी शिरोलीकर दादांना नम्रपणे सांगते. पोर म्हणजे ओतीव जॉब नव्हे. साच्यात माल आपण ओततो. पोर मात्र स्वतःच स्वतःला घडवत असतं, आपण जागा, वस्तू आणि वेळ द्यायचा. तुमच्या मुलाची हातच्याची बेरीज अडली ती कदाचित चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग कधी हाताने केलेच नसतील म्हणून. बेरजा लवकर सुरू करून ते भरून निघालं नसतं.

महाराष्ट्राला हे परक्या देशातून शिकायची गरज नव्हती. ताराबाई मोडकांनी १९२६ साली गिजुभाई बधेकांबरोबर नूतन बालशिक्षण संघ काढला. माँटेसरीची पद्धत त्यांनी घेतली, पण तिची साधनं महाग, आणि शहरातल्या शिकलेल्या घरांपलीकडे ती जाईना. म्हणून १९४५ साली त्या डहाणूजवळच्या बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणबालवाडी. मण्यांऐवजी बिया, शिंपले, काड्या, दगड. पुढे १९५७ पासून कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा. आज देशभर ज्याला अंगणवाडी म्हणतात ते नाव या बायकांच्या पायपिटीतून आलंय. त्या पत्र्याच्या खोलीकडे बघताना हे मनात असू द्या.

आता पेठेतल्या आईला. दोन्ही ठिकाणी जाऊन एकेक तास बसा. बसू देत नसतील तर तिथेच उत्तर मिळालं. भिंतीवरची चित्रं बघू नका, पुढच्या गोष्टी बघा. ताई पोराशी बोलताना खाली बसते का? बोलणं जास्त कोणाचं, तिचं की पोरांचं? पोरानं काही चुकीचं सांगितलं तर ती लगेच दुरुस्त करते, की 'असं का वाटलं तुला?' विचारते? एखादं रडत असेल तर त्याला कोण घेतं? पोरांचा हात पोचेल अशा उंचीवर किती वस्तू आहेत आणि किती कपाटात कुलपात? मी एक प्रश्न नेहमी विचारायला सांगते : 'ताई, या मुलाला काय आवडतं?' असं कुठल्याही मुलाकडे बोट दाखवून विचारा. जिला पटकन सांगता येईल तिच्या हाती लेक द्या.

भाषेचंही सांगते. तिनं ओढणीत तोंड लपवलं यात तिचं काही उणं नाही. अनोळखी बाई, अनोळखी भाषा, तिनं करायला हवं होतं तेच केलं. घरच्या भाषेत भरपूर बोललेलं पोर पुढे दुसरी भाषाही सहज उचलतं. आमच्याकडे जोंधळ्याला ज्वारी म्हणायला लावून पोरांना गप्प करणाऱ्या बाया मी पाहिल्यात. गप्प झालेलं पोर परत बोलतं करायला वर्ष जातं.

आणि सासूबाईंचंही ऐका. त्या म्हणतात ते खेळणं खरोखर शिकणंच आहे. फक्त त्यात समवयस्क पोरं हवीत. एकटं पोर घरात खेळण्यावरून भांडणार कुणाशी आणि परत गट्टी करणार कुणाशी?

डॉक्टर_राजारामपुरी

बालरोगतज्ज्ञ म्हणून दोन मुद्दे.

पहिला लिहिण्याचा. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती सगळी कूर्चेची असतात आणि एकेक करून पुढच्या कित्येक वर्षांत हाडांत बदलतात, शेवटचं तर आठव्या-नवव्या वर्षानंतर. हाताचे बारीक स्नायूही हळूहळूच ताब्यात येतात. त्यामुळे तीन वर्षांच्या मुलाला दोन रेघांमध्ये अक्षर बसवायला लावणं मला पटत नाही. कणीक मळू दे, शेंगा सोलू दे, रांगोळीची चिमूट धरू दे. पेन्सिल धरायची तयारी त्यातच होते.

दुसरा रक्ताचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पाच वर्षांखालच्या ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. असं मूल किरकिर करतं, लक्ष देत नाही, लवकर दमतं, आणि आपण त्याला 'अभ्यासात कच्चं' ठरवतो. शिक्षणाच्या खर्चात पोटाचा खर्च धरलाच पाहिजे. ६५ हजार भरणाऱ्या घरांतली मुलंही माझ्याकडे येतात, डब्यात बिस्किटं असतात. लेकीचं हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या.

करवीरची_सेविका

मी अंगणवाडी सेविका आहे, करवीर तालुक्यात, सतरा वर्षं झाली. ताईंनी लिहिलेलं वाचून डोळ्यांत पाणी आलं. एक बाजू मी पण सांगते.

माझ्याकडे पटावर चौतीस मुलं. मी आणि मदतनीस. सकाळी उघडलं की हजेरी मोबाइलवर, फोटो काढून. महिन्याला सगळ्यांचं वजन, उंची. सहा महिन्यांवरच्या लहानग्यांचा घरपोच आहार वाटायचा, गरोदर बायकांच्या नोंदी, लसीकरणाला बोलवायचं, कुणी आलं नाही तर घरी जायचं. मधून एखादा सर्व्हे येतो. मदतनीस आहाराच्या मागे असते. एकात्मिक बाल विकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली ती सहा कामं घेऊन, शाळापूर्व शिक्षण त्यातलं एक. बाकीच्या पाचांचं रजिस्टर तपासलं जातं. मी आज मुलांना गोष्ट सांगितली का, हे मला सतरा वर्षांत फार थोड्यांनी विचारलं.

'आकार' अभ्यासक्रमाचं प्रशिक्षण मला फार आवडलं होतं. गोष्ट, बडबडगीत, निसर्गातल्या वस्तू, मोठ्या स्नायूंचे खेळ, सगळं आहे त्यात. करायला आवडतं. वेळ मिळत नाही. ज्या दिवशी नेट चालत नाही त्या दिवशी मोबाइल बाजूला ठेवून सलग दीड तास मुलांत बसते, तो माझा सगळ्यात चांगला दिवस असतो.

मानधनाचं लिहू का नको असं झालं, पण लिहिते. २०२३ साली ते ८,३२५ वरून १०,००० झालं. त्याच वर्षाच्या शेवटी आम्ही संपावर होतो. पैसा कशाचा मोजायचा असं पेठेतल्या ताई विचारतात. जी बाई मुलात बसते, तिचा मोजा.

आकडेमोड

सेविकाताई, तुमच्या म्हणण्याला भक्कम पुरावा आहे. तमिळनाडूत ३२० अंगणवाड्यांवर प्रयोग झाला. त्यांतल्या निम्म्या केंद्रांना एक जादा अर्धवेळ कार्यकर्ती दिली, फक्त शाळापूर्व शिक्षणासाठी. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला. मुलं गणितात आणि भाषेत पुढे गेली. आणि जुन्या सेविकेला उसंत मिळाल्यामुळे बुटकेपणा आणि तीव्र कुपोषणही कमी झालं. नवी इमारत नाही, टॅब नाही, फक्त एक माणूस वाढवलं. खर्चाच्या मानाने फायदा कितीतरी पट निघाला.

आपल्याकडे अडचण कायद्याचीही आहे. घटनेच्या २१-अ कलमाने शिक्षणाचा हक्क दिला तो ६ ते १४ वयाला. सहाच्या आतल्या मुलांसाठी ४५ वं कलम आहे, त्यात शासनाने 'प्रयत्न करावा' इतकंच. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं की मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षाआधी होते, आणि ३ ते ८ हा एकच पायाभूत टप्पा धरतं. मग त्या टप्प्याची पहिली तीन वर्षं हक्काबाहेर का? कोल्हापूरकरांना हे जास्त टोचायला हवं. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मुलाला न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. तेव्हा कुणी परताव्याचे तक्ते मागितले असते तर ते शिक्षण सुरूच झालं नसतं.

शिरोळचा_शेतकरी

या धाग्यात एक पोर राहून गेलंय, त्याचं लिहितो.

आमच्याकडे ऊसतोडीला मराठवाड्यातनं टोळ्या येतात. दिवाळीच्या आसपास आल्या की मार्चपर्यंत मुक्काम फडात. आई-बाप पहाटे कोयता घेऊन जातात. तीन वर्षांचं पोर बांधावर पाचटात बसलेलं असतं, धाकटं लुगड्याच्या झोळीत. आणि त्या दोघांना सांभाळायला आठ-नऊ वर्षांची थोरली बहीण. साखरशाळा, म्हणजे तोडणीवाल्यांच्या पोरांसाठीची शाळा, असली तरी ती पोरगी तिथं जाऊ शकत नाही, कारण झोळी सोडून जाणार कुठं? गावातल्या अंगणवाडीत या पोरांचं नाव नसतं, नाव त्यांच्या गावाकडच्या पटावर.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या सेविकेनं स्वतःहून त्यातल्या सात पोरांना बसवून घेतलं. आहार आपल्यातलाच वाढला. तर काय झालं, दुसऱ्या आठवड्यात थोरल्या तीन पोरी आपणहून झेडपीच्या शाळेत जाऊन बसल्या. धाकट्याला सांभाळणारं कुणी मिळालं म्हणून थोरली शिकली. तुमच्या परताव्याच्या हिशेबात हे धरलंय का माहीत नाही. मी डोळ्यांनी बघितलंय.

खरंच_का

शिरोळकर, हे वाचून थोडा वेळ काहीच सुचलं नाही. मी वर शंका काढली ती मागे घेत नाही, वाईट बालवाडीपेक्षा घर बरं हे मला अजूनही वाटतं. पण ज्या घराच्या जागी ऊसाचा फड आहे त्याचा विचार मी केला नव्हता.

रंकाळा_वेस

पेठेतल्या आईसाठी : कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. ती प्राथमिक शाळा, पण मुलाच्या कुतूहलाला धरून शिकवायचं म्हणजे काय, हे या गावाने जवळून पाहिलंय. आपल्याकडे नमुना नाही असं नाही.

पेठेतली_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. पंधरा दिवस लिहिलं नाही कारण सांगितल्याप्रमाणे बसून बघत होते.

मोठ्या शाळेनं वर्गात बसू दिलं नाही. काचेतून बघा म्हणाले. अठ्ठावीस मुलं, एक बाई, एक मावशी. मुलं गप्प होती. मला आधी ती शिस्त वाटली, मग बालवाडीच्या ताईंचं वाक्य आठवलं.

गल्लीतल्या अंगणवाडीत दोनदा गेले. खरं तेच लिहिते. खोली अंधारी आहे, पाऊस आला तर पत्र्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही. खेळणी पेटीत होती. पहिल्या दिवशी सेविका पाऊण तास मोबाइलमध्ये नोंदी भरत होत्या. पण मी तो प्रश्न विचारला, कोपऱ्यातल्या एका मुलाकडे बोट दाखवून. त्या म्हणाल्या, 'त्याला झाकणं लावायला आवडतात. बाटलीचं, डब्याचं, कसलंही. घरी बाप आजारी आहे, सकाळी जेवून येत नाही, म्हणून त्याला आधी वाढते.' मी तिथंच ठरवलं.

डॉक्टर, हिमोग्लोबिन ९.४ निघालं. औषध सुरू केलंय.

भिशी उचलणार नाही. नवऱ्याला हे पटायला दोन रात्री गेल्या, त्याला वाटत होतं की आपण पोरीच्या बाबतीत काटकसर करतोय. मग तो सुट्टीच्या दिवशी स्वतः जाऊन आला. आता त्यानंच ठरवलंय की फीमधले थोडे पैसे खोलीवर खर्चायचे. भिंतीला पांढरा रंग, पोरांच्या उंचीची फळी. गल्लीतल्या आम्ही पाच आया आळीपाळीने सकाळी एक-एक तास जाणार. मी ऑफिसच्या आधी मंगळवारी आणि शुक्रवारी.

करवीरची_सेविका

ताई, या, तुमच्या सेविकेला आधार वाटेल. फक्त एक विनंती. आया येतात म्हणून 'आता जादा माणूस कशाला' असं वरून कुणी म्हणू नये. तुम्ही याल तेव्हा एक अर्जही द्या, की इथे शिकवण्यासाठी वेगळी, पगारी बाई हवी. आम्ही मागितलं की ते आमचं गाऱ्हाणं होतं. पालकांनी मागितलं तर कागद पुढे सरकतो.

पेठेतली_आई

अर्ज लिहितेच. आकडेमोड, तमिळनाडूचा मजकूर अर्ध्या पानात सोप्या मराठीत करून द्याल का? सोबत जोडते. आणि नगरसेवकांच्या ऑफिसातही एक प्रत देईन.

आकडेमोड

आज रात्री देतो.

शिरोलीकर

वहिनी, फळी मी करून देतो, वेल्डिंगचं सामान हाय माझ्याकडं. कडा घासून गोल करतो, पोरांना लागायला नको. उंची किती धरू?

बालवाडीची_ताई

दादा, जमिनीपासून दीड फूट आणि अडीच फूट अशा दोन. खालच्या फळीला पुढे पट्टी लावू नका, चिंचोक्यांचे डबे पोरांना ओढून घेता आले पाहिजेत. आणि भिंतीत घट्ट बसवा, ती वर चढणार आहेत.